दुकान बारा तास उघडं, लक्ष किती तास?

आज एकच साधा प्रश्न. काल दुपारी चार ते पाच या एका तासात तुमचं लक्ष कुठं होतं?

गल्ला किती झाला ते तुम्ही लगेच सांगाल. दुकान किती वाजता उघडलं, शटर कधी ओढलं, तेही सांगाल. पण लक्ष कुठं होतं, हे आपल्या बॅचमध्ये क्वचितच कुणाला सांगता येतं. "काउंटरलाच होतो की मॅडम," एवढंच उत्तर येतं. होतात ना, कोण नाही म्हणतंय? खुर्ची काउंटरला होती आणि तुम्ही खुर्चीत होतात. मी लक्षाचं विचारतेय.

पैशाचा हिशोब आपण ठेवतो, निदान ठेवायला पाहिजे एवढं तरी माहीत असतं. मालाचा ठेवतो. वेळेचा हिशोब ठेवायला जानेवारीत डायऱ्या घेतो आणि फेब्रुवारीत त्यात वाणसामानाची यादी लिहितो. लक्षाचा हिशोब मात्र कुणीच ठेवत नाही. आणि आपल्यासारख्या धंद्यात, जिथं मालकच सेल्समन, मालकच अकाउंटंट, मालकच हमाल आणि मालकच मार्केटिंग मॅनेजर, तिथं सगळ्यात तुटपुंजं भांडवल हेच असतं. पैसे मुद्रा कर्जातून मिळतात, सासऱ्यांकडून मिळतात, भिशी उचलून मिळतात. लक्ष उसनं देणारी बँक अजून निघालेली नाही.

माझं विश्रांतवाडी चौकाजवळ बेकिंग मटेरियलचं दुकान आहे, हे तुम्हाला व्हिडिओतून माहीतच आहे. व्हिपिंग क्रीम, कंपाउंड चॉकलेट, केकचे बोर्ड, एसेन्स, मोल्ड. माझी निम्मी गिऱ्हाईकं धानोरी, टिंगरेनगर, कळस भागातल्या घरगुती केक करणाऱ्या ताई आहेत, म्हणजे स्वतःच उद्योजक. त्यामुळे लक्ष सांडतं कुठं आणि सांडलं की काय होतं, हे मला काउंटरवरून रोज बघायला मिळतं. क्रीम फेटायचंच उदाहरण घ्या. क्रीम मऊ टोक धरतं तिथून ते घट्ट होऊन पुढं फाटायला लागतं तिथपर्यंतचा वेळ फार थोडा असतो. तेवढ्यात व्हॉट्सअ‍ॅपवर "प्राइस प्लीज" आलं, ताईंनी एका हातानं उत्तर दिलं, दुसऱ्या हातात बीटर चालूच. क्रीम गेलं. दुपारी पुन्हा माझ्याकडे, "एक लिटर द्या हो." मला विक्री मिळते, पण त्या केकमधला त्यांचा नफा त्या एका मेसेजनं खाल्लेला असतो. आणि बऱ्याचदा ती प्राइस विचारणारी बाई ऑर्डर देतच नाही, हे वेगळंच.

तीन दिवसांची वही

मी बॅचमध्ये एक गृहपाठ देते. दहा रुपयांची छोटी वही घ्या. रकाने पाडा: गिऱ्हाईक, माल, पैसे, फोन, इतर. तीन दिवस, जेव्हा जेव्हा आठवेल तेव्हा, आत्ता डोकं कुठं आहे त्या रकान्यात एक रेघ मारायची. हात कुठं आहे ते बघायचं नाही, डोकं कुठं आहे ते. खोटं लिहायचं नाही, कारण तपासायला कुणी येणार नाही. बस एवढंच. अ‍ॅप वगैरे काही नको. अ‍ॅप उघडायला फोन घेतलात की तुम्ही गेलात.

या वहीची एक गोष्ट सांगते, कारण ती ऐकून मलाही नवीन काही कळलं.

धानोरीतला एक मुलगा, वय पंचविशीच्या आतलं. मोबाइल अ‍ॅक्सेसरीजचं दुकान. मुद्रा कर्ज काढलेलं, हप्ता चालू. दुकानाच्या अकरा महिन्यांच्या अ‍ॅग्रीमेंटचे शेवटचे दोन महिने राहिलेले, आणि मालकाला भाडं वाढवून हवं होतं. घरी आईचं रोजचं एकच, "बंद कर आता, नोकरी बघ." तो माझ्याकडे आला तो इन्स्टाग्रामवर फॉलोअर कसे वाढवायचे ते विचारायला. मी म्हटलं, दादा, ते नंतर. आधी वही कर.

तीन दिवसांनी वही घेऊन आला. मला वाटलं होतं फोनचा रकाना भरलेला असणार. होताच थोडा. पण सगळ्यात जास्त रेघा होत्या "इतर" मध्ये. मी विचारलं, इतर म्हणजे काय रे? थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "ताई, समोरचं दुकान."

रस्त्याच्या पलीकडं सहा महिन्यांपूर्वी त्याच मालाचं दुकान निघालं होतं. याची खुर्ची अशी ठेवलेली की मान वर केली की तेच दिसायचं. तिकडं कोण गेलं, किती वेळ थांबलं, पिशवी घेऊन बाहेर आलं की रिकाम्या हातानं, हे त्याला पाठ होतं. त्याच्यापेक्षा दहा रुपये कमी करून टेम्पर्ड ग्लास विकायची असं त्यानं ठरवलंही होतं. मग मी विचारलं, तुझ्या दुकानातून काल रिकाम्या हातानं कोण कोण गेलं? काय मागत होते? हे त्याला सांगता येईना.

बघा, हा मुलगा आळशी नव्हता. सकाळी नऊला दुकान उघडणारा, रात्री दहाला बंद करणारा. फोनचं व्यसन म्हणावं तर तेही नव्हतं. लक्ष दिवसभर कामालाच लागलेलं होतं, फक्त ते दुसऱ्याच्या दुकानात कामाला होतं. फुकट.

त्याला मी दोनच गोष्टी सांगितल्या. खुर्ची फिरव, तोंड आत रॅककडं आणि दाराकडं. आणि वहीत नवा रकाना पाड: "मागितलं आणि नव्हतं." आठवड्यात त्या रकान्यात काय आलं? साध्या बटणाच्या फोनची बॅटरी. जुन्या पिनचा चार्जर. "फोनची अक्षरं मोठी करून दे रे बाळा." आमच्या भागात बांधकामं चालू आहेत, तिथले मजूर, सोसायट्यांचे वॉचमन, पेन्शनर आजोबा, हे सगळे त्याच्याच दारात येऊन परत जात होते आणि तो समोर बघत होता. तपकीर गल्लीतून त्यानं थोडा माल आणला. आजोबांना अक्षरं मोठी करून द्यायचे पैसे घ्यायचे नाहीत, असं त्याचं त्यानं ठरवलं. तो निर्णय मला आवडला, कारण आजोबा नंतर कव्हर घेतात आणि नातवालाही घेऊन येतात.

पुढं काय झालं हे सगळे विचारतात, म्हणून सांगते. धंदा दुप्पट वगैरे झाला नाही. हप्ता चुकला नाही. भाडं मालकानं मागितलं होतं त्याच्या निम्म्यानं वाढवून अ‍ॅग्रीमेंट पुढच्या अकरा महिन्यांसाठी झालं. आईचं "नोकरी बघ" अजून चालू आहे, पण आठवड्यातून एकदा. समोरचं दुकानही चालू आहे.

चर्चगेटची वीस मिनिटं

आता मोठं उदाहरण. मुंबईचे डबेवाले. तुम्ही म्हणाल, मॅडम, हे तर प्रत्येक ट्रेनर सांगतो. खरं आहे. "सिक्स सिग्मा" म्हणत टाळ्या घेतात. तो शब्द एका मासिकाच्या लेखातून निघाला आणि पुढं प्रमाणपत्र असल्यासारखा फिरला, म्हणून मी तो वापरत नाही. मला त्यांच्यातलं वेगळंच काहीतरी शिकण्यासारखं वाटतं.

ही आपल्याकडचीच माणसं आहेत. मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर, अकोले, या भागातली. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी हे काम सुरू केलं. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या स्टीफन थॉमके यांनी २०१० मध्ये त्यांच्यावर केस स्टडी लिहिली, तेव्हा साधारण पाच हजार माणसं दिवसाला एक लाख तीस हजारांच्या वर डबे पोचवत होती, आणि रिकामे डबे परतही आणत होती. कोरोनानंतर संख्या खूपच घटली. पण पद्धत तीच.

त्या डब्याच्या झाकणावर काय लिहिलेलं असतं ते बघा. गिऱ्हाइकाचं नाव नसतं. पूर्ण पत्ता नसतो. डबा कुठल्या स्टेशनच्या भागातून आला, कुठल्या भागात जायचा, तिथं कोण पोचवणार, कुठली इमारत, कितवा मजला, एवढ्याच्या मोजक्या खुणा. घरून डबा उचलणाऱ्याला झाकण वाचावंच लागत नाही, घरं त्याला पाठ असतात. स्टेशनवर डबे वेगळे करणारा फक्त कुठं जायचं तेवढीच खूण बघतो, मजल्याशी त्याला देणंघेणं नाही. शेवटचा माणूस फक्त इमारत आणि मजला बघतो. प्रत्येकाच्या डोळ्याला त्या क्षणी लागतं तेवढंच दिसतं. मोठ्या स्टेशनवर डब्यांचे क्रेट गाडीत चढवायला चाळीस सेकंद, मधल्या स्टेशनवर वीस. तेवढ्या वेळात पूर्ण पत्ता कोण वाचणार? म्हणून त्यांनी झाकणावरून काय काय काढून टाकलं ते महत्त्वाचं. आपण उलटं करतो. काउंटरवर कॅल्क्युलेटर, त्याखाली बिलं, त्यावर वर्तमानपत्र, शेजारी फोन, समोर टीव्ही, आणि या सगळ्यातून गिऱ्हाइकाचा चेहरा शोधायचा.

दुसरी गोष्ट मला त्याहून आवडते. नोव्हेंबर २००३ मध्ये इंग्लंडचे प्रिन्स चार्ल्स, म्हणजे आताचे राजे, डबेवाल्यांना भेटायला मुंबईत आले. भेट कुठं झाली? चर्चगेट स्टेशनबाहेर, डबे लावायच्या जागी, आणि डबेवाल्यांच्या कामाच्या मधल्या मोकळ्या वीसेक मिनिटांत. राजवाडा काय, हॉटेल काय, डबे सोडून ते कुठं गेले नाहीत. पुढं २००५ मध्ये त्यांच्या लग्नाला डबेवाल्यांना बोलावणं आलं, तेव्हा त्यांच्यातले दोघं जाऊन आले. म्हणजे माणूसघाणे नाहीत हो. फक्त अकराच्या सुमाराला त्यांचं लक्ष विकत मिळत नाही, राजालासुद्धा.

आता तुमच्या दुकानात अकरा वाजता येऊन "जरा पाच मिनिटं बसू का" म्हणणारा कोण असतो, आठवा. राजा नक्कीच नसतो.

आणि तिसरी गोष्ट, ही फारसं कुणी सांगत नाही. दर वर्षी एप्रिलच्या आसपास गावच्या जत्रेसाठी डबेवाले काही दिवस सुट्टी घेतात. आधी कळवून. साहेब लोक त्या दिवसांत बाहेर खातात. आणि ज्या घरचा डबा रोजच उशिरा तयार होतो, त्या घरचं काम ते सोडून देतात. कशाला लक्ष द्यायचं हे ठरवणं म्हणजे कशाला द्यायचं नाही हे ठरवणं. हे वाक्य बोर्डावर लिहायला सोपं आहे. पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकाला "तुमचा डबा उद्यापासून नाही" हे सांगायला मात्र छाती लागते.

आमच्या पुण्यात याची चेष्टा होते ती दुपारी एक ते चारच्या बंद दुकानाची. बाजीराव रोडच्या चितळे बंधूंनी २०१७ च्या जुलैत दुपारची सुट्टी बंद केली तर त्याचीही बातमी झाली. मी काही दुपारी दुकान बंद ठेवा असं सांगत नाही, आपल्याला ते परवडणार नाही. पण ज्यांनी इतकी वर्षं तीन तास "आता नाही" म्हटलं, ते उरलेल्या वेळात गिऱ्हाइकाला खराब माल देत नव्हते, हेही बघा. विनोद ऐकताना एवढं आपण विसरतो.

दुकानाला लोकल नसते

डबेवाल्याला एक सोय आहे. लोकल. ती थांबत नाही, म्हणून लक्ष आपोआप जागेवर येतं. तुमच्या-माझ्या दुकानाला लोकल नसते. उधारीचा फोन आज नाही केला तर आज काही होत नाही. एक्सपायरी आज नाही बघितली तर आज काही होत नाही. जे होतं ते दोन महिन्यांनी होतं आणि तेव्हा एकदम होतं. त्यामुळे आपली लोकल आपल्यालाच सोडावी लागते.

कशासाठी सोडायची? मी बीबीएला असताना आम्हाला एबीसी अ‍ॅनालिसिस शिकवलं होतं: जास्त किमतीच्या मालावर जास्त लक्ष. दुकानात उभं राहिल्यावर मला दुसरी एक पद्धत जास्त उपयोगी पडली. खाण्याच्या मालात नियम असतो, आधी आलेलं आधी नाही, तर आधी संपणारं आधी. ज्याची तारीख जवळ ते पुढं लावायचं. लक्षालाही तोच नियम लावा. आधी काय खराब होतं?

माझ्या दुकानात सगळ्यात आधी खराब होतं ते समोर उभं असलेलं गिऱ्हाईक. दोन मिनिटांत खराब होतं. त्यानंतर क्रीम. ते उणे अठरा अंशांवर राहायला हवं, एकदा पूर्ण वितळलं की परत गोठवून चालत नाही. रात्री वीज गेली होती का, फ्रीझरचं दार नीट लागलं होतं का, हे सकाळी नऊच्या आत कळलं तर काहीतरी करता येतं, बाराला कळलं तर फक्त रडता येतं. त्यानंतर दिलेला शब्द. "संध्याकाळी मागवून ठेवते" म्हटलेलं त्याच संध्याकाळी खराब होतं. मग उधारी. ती हळूहळू खराब होते, पण महिन्याच्या वर गेली की वास यायला लागतो, बोलताना दोघांनाही अवघडल्यासारखं होतं. आणि सगळ्यात उशिरा खराब होणाऱ्या वस्तू कुठल्या? स्पर्धकाचं नवीन पोस्टर. ग्रुपवरचे फॉरवर्ड. शेअर बाजार. दुकानाच्या नव्या लोगोचा रंग. ह्या गोष्टी रात्री नऊला बघितल्या तरी ताज्याच असतात. गंमत म्हणजे सकाळी अकराला आपण आधी ह्याच बघतो.

म्हणून माझी एक लोकल सकाळी सव्वानऊची: शटर अर्धं वर, आत फ्रीझर आणि तारखा, वीस मिनिटं, फोन ड्रॉवरमध्ये. दुसरी दुपारी चारची: उधारी आणि द्यायचे पैसे. डिस्ट्रीब्यूटरच्या माणसांना मी सांगून ठेवलंय, मंगळवार-गुरुवार, तीननंतर या. सुरुवातीला कुरकुरले. एकानं तर "मग स्कीम संपेल मॅडम" अशी भीती घातली. स्कीम संपली नाही. कधीच संपत नसते.

तुमच्या लोकल वेगळ्या असतील. ब्युटी पार्लर असेल तर बहुतेक सकाळी अपॉइंटमेंटची वही आणि हत्यारांची स्वच्छता. मेस असेल तर भाजी आणायची वेळ. ते तुमचं तुम्ही ठरवा, पण दोनच ठेवा. सात-आठ गाड्या सोडणारे चौथ्या दिवशी रूळच उखडतात.

फोनचं काय?

हा प्रश्न येणारच. "फोन बंद ठेवा" असं मी कधीच सांगत नाही. ज्याचं दुकान नाही तोच असं सांगू शकतो. ऑर्डर फोनवर, पेमेंट फोनवर, सप्लायर फोनवर.

पण एक गोष्ट बघा. साउंडबॉक्स नव्हता तेव्हा प्रत्येक पेमेंटला फोन उचलून बघावं लागायचं, आले का पैसे. पैसे बघायला उचललेला फोन पैसे बघून खाली ठेवला, असं कधी होतं का? वर तीन मेसेज दिसतात, मग एक रील, मग मेहुण्याचा वाढदिवस. गिऱ्हाईक गेलेलं असतं. साउंडबॉक्स "पन्नास रुपये प्राप्त" असं बोलायला लागला आणि फोन उचलायचं कारणच गेलं. लोक त्याकडं फसवणूक टाळायचं यंत्र म्हणून बघतात, ते आहेच. माझ्या मते त्याचा महिन्याचा चार्ज हा लक्ष वाचवायचा खर्च आहे आणि तो स्वस्त आहे.

तसंच व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसचं. कॅटलॉग टाका, भाव त्यात लिहा, ठरलेल्या उत्तरांचे क्विक रिप्लाय करून ठेवा, आणि "सध्या कामात आहे, एक वाजता उत्तर देईन" हा अवे मेसेज लावा. मग खरंच एक वाजता उत्तर द्या. टिंगरेनगरच्या एका ताईंनी हे केलं. त्यांना भीती होती की ऑर्डर दुसरीकडं जातील. काही गेल्याही, हे मी लपवत नाही. पण गेल्या त्या बहुतेक "प्राइस प्लीज" वाल्या. ज्यांना त्यांचाच केक हवा होता त्या एक वाजेपर्यंत थांबल्या. आणि क्रीम फाटणं बंद झालं.

अर्धवट सोडलेलं काम डोक्यात चिकटून राहतं, हे काही फक्त आपलं दुकानदारांचं म्हणणं नाही. सोफी लेरॉय या अभ्यासक बाईंनी २००९ मध्ये यावर पेपर लिहिला: एका कामातून दुसऱ्यात गेलो तरी लक्षाचा थोडा भाग मागच्याच कामात अडकून राहतो, म्हणून पुढचं काम कच्चं होतं. पातेल्याला साय चिकटून राहावी तसं. आणि अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले हर्बर्ट सायमन १९७१ मध्येच सांगून गेले की माहिती वाढली की लक्षाची टंचाई होते, कारण माहिती लक्षच खाते. १९७१. तेव्हा त्यांच्यासमोर रील नव्हती.

एक गैरसमज मात्र काढून टाका. लक्ष म्हणजे एकाच गोष्टीकडं टक लावून बसणं, असं मी म्हणत नाहीये. जुने किराणा दुकानदार आठवा. एका हातानं साखर तोलतोय, दुसऱ्या गिऱ्हाइकाला "तुमचं तेल काढतोय" म्हणतोय, पोऱ्याला वरच्या फळीवरचा साबण दाखवतोय आणि दारातून नुसतं बघून पुढं निघालेल्या काकूंना "काकू, हरभऱ्याची डाळ आलीय" म्हणून हाकही मारतोय. चार ठिकाणी लक्ष! पण चारही ठिकाणं दुकानाच्या आतली. त्यामुळे दिवसाच्या शेवटी वहीत रेघा बघताना एवढंच मोजा: किती रेघा उंबऱ्याच्या आतल्या, किती बाहेरच्या.

घरीही हेच लागू आहे, पण त्यावर मी फार बोलणार नाही, कारण तिथं मी ट्रेनर नाही, आईच आहे. एवढंच सांगते, रात्री जेवताना दुकानातली उधारी आठवली तर मी ती लिहून ठेवते आणि कागद चपलांच्या रॅकवर ठेवते. सकाळी चप्पल घालताना दिसतो. तोपर्यंत तो माझा नाही.

आमच्या चौकातून सरळ निघालं की रस्ता आळंदीला जातो. ज्ञानेश्वरीचा नववा अध्याय सुरू होतो तोच श्रोत्यांकडं अवधान मागून. माउलींनासुद्धा आधी ते मागावं लागलं, दुसरं काही नाही, हे मला दर वर्षी पालखी चौकातून जाते तेव्हा आठवतं. त्या दिवशी सकाळपासून रस्ता बंद असतो, फुटपाथवर उभं राहायला जागा नसते, गिऱ्हाईक काही येत नाही. काही दुकानदार तरीही शटर उघडून आत बसतात. मी पालखी पुढं फुलेनगरकडं गेल्यावरच दुकान उघडते. फक्त पहाटे लवकर येऊन फ्रीझर बघून जाते.

पुढच्या रविवारच्या बॅचला येणाऱ्यांनी वही घेऊन या. छापील डायरी नको, दहा रुपयांचीच आणा. तीन दिवस भरलेली असेल तरच आपण "इतर" च्या रकान्यावर बोलू.